मिशनवर गेलेलं वयस्कर जोडपं परदेशात दिवसभर करतं काय?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातल्या अमेरिकन मॅनेजरचे आईवडील १८ महिने चर्चच्या मिशनवर चाललेत, या वयात ते दारोदार धर्मप्रचार करत फिरणार का. युटाहचे म्हणताय म्हणजे बहुतेक मॉर्मन असणार (हा एक ख्रिस्ती पंथ, अमेरिकेतल्या युटाह राज्यात त्यांचं मुख्य ठाणं). तसं असेल तर मी सांगू शकते, कारण नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही घानात, अक्राला राहत होतो तेव्हा खालच्या फ्लॅटमध्ये असंच एक जोडपं होतं, सत्तरीच्या आसपासचं. माझी लेक त्यांना आजी-आजोबाच म्हणायची.

दारं वाजवायचं काम १८-१९ वर्षांच्या पोरापोरींचं. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळा बिल्ला. गंमत म्हणजे त्या नुकतं मिसरूड फुटलेल्या पोरांनाही 'एल्डर', म्हणजे वडीलधारे, म्हणतात आणि आमच्या आजोबांनाही एल्डरच. वयस्कर जोडप्यांना ऑफिस, आरोग्य, मदतकार्य असलं काहीतरी देतात. आमच्या आजोबांकडे या पोरांची भाड्याची घरं सांभाळायचं काम होतं, आणि आजी आधी नर्स होत्या त्यामुळे कोणाला ताप आला, जुलाब झाले की फोन त्यांना.

म्हणजे दिवस कसा, तर पहाटे साडेपाचला उठून ऊन चढायच्या आत दोघं फिरून यायची, मग धर्मग्रंथ मोठ्याने वाचायचे, एक पान त्यांनी एक पान यांनी, आवाज वर आमच्या स्वयंपाकघरात यायचा. मग ओट्स खाऊन पिकअपमध्ये फिल्टर, मच्छरदाण्या, गॅसचं सिलिंडर टाकून निघायचं ते अक्राच्या ट्रॅफिकमध्ये दुपार. तिथे घरमालक दोन-दोन वर्षांचं भाडं आगाऊ मागतात (कायद्याने सहा महिन्यांचंच घेता येतं, पण ऐकतो कोण), त्याची घासाघीस. कुठे टाकीत पाणीच नाही, कुठे लाइट गेलेली. लाइटीच्या या ये-जा करण्याला तिथे 'डमसोर' म्हणतात, आजोबांनी स्थानिक भाषेतला सगळ्यात आधी शिकलेला शब्द हाच. आणि मग पोरांनी फ्लॅटचा उकिरडा केलेला असायचा तो बघून आजी घरी येऊन माझ्याकडे कुरकुरणार, की दुधाचं पातेलं तीन दिवस तसंच! मला वाटायचं बाई चाळीस वर्षं संसार करून, पोरं वाढवून मोकळी झाली आणि इथे येऊन परत पन्नास पोरांचा संसार अंगावर घेतला. धर्मप्रचार मला तरी फार दिसला नाही, संसारच दिसला.

सगळ्यात आश्चर्य वाटलं ते म्हणजे याचा पगार नसतो. उलट राहण्या-खाण्याचा खर्च स्वतःचा, यांनी तर त्यासाठी बरीच वर्षं पैसे बाजूला टाकले होते.

सोमवारी कपडे, बाजार. रविवारी दोन तास चर्च. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडायचं, पाणीसुद्धा नाही, आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. मी म्हटलं आमच्याकडे उपासाला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचे लाडू. आजी म्हणाल्या, मग उपास कुठाय यात? मी गप्प.

रविवारी रात्री नऊला व्हिडिओ कॉल, तिकडे युटाहमध्ये दुपार. एक नातू यांच्या मागे जन्मला, तो त्यांनी कॉलवरच पाहिला. त्या रात्री आजी वर आल्या, अर्धा तास बसल्या आणि फक्त माझ्या लेकीचे केस विंचरत राहिल्या. आणि दिवसाचे चोवीस तास नवरा-बायको एकत्र, हेही काही सोपं नाही हं. पिकअपमध्ये रस्त्यावरून भांडायची, वर येताना गप्पगप्प.

आमचं धर्मांतर करायचा प्रयत्न केला का? एकदा पुस्तक दिलं, एकदा चर्चला बोलावलं, आम्ही नको म्हटलं, विषय संपला. मिशन ही कल्पना मला आजही पटत नाही. आजोबांनी अभिमानाने सांगितलं होतं की १९७८ च्या शेवटी नायजेरिया आणि घानात त्यांच्या चर्चने जे पहिले मिशनरी पाठवले ती दोन वयस्कर जोडपीच होती, आणि घानात तर त्याआधीच काही लोक या चर्चची पुस्तकं वाचून आपापल्या प्रार्थनासभा भरवत होते. मी विचारलं मग इतकी वर्षं का नाही गेलात, तर कारण असं की त्या वर्षीच्या जूनपर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना त्यांच्यात पौरोहित्यच मिळत नव्हतं, मग तिथल्या लोकांनी चर्च चालवायचं कसं. का मिळत नव्हतं याचं धड उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. निदान बनवून सांगितलं नाही.

त्यांचेही १८ महिनेच ठरले होते पण मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे परदेशी मिशनऱ्यांना घरी बोलावलं, दोन दिवसांत बॅगा भरून गेले. आजोबा शेवटच्या संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून वहीत लिहीत होते, कुठल्या फ्लॅटचा फिल्टर कधी बदलायचा, कुठल्या मालकाशी कसं बोलायचं, पुढच्या माणसासाठी.

आणि हो, निरोपाला त्यांना गिफ्ट द्यायचं म्हणत असाल तर आसामचा भारी चहा वगैरे नेऊ नका, चहा-कॉफी दोन्ही चालत नाही. मी पहिल्या दिवशी आलं घालून फक्कड चहा केला आणि दोघं कपाकडे बघत बसली. नंतर गवती चहा उकळून दिला तर नावात चहा आहे म्हणून आजी पुन्हा थांबल्या, शेवटी कुंडीतली पात आणून दाखवली तेव्हा प्यायल्या. कोकम सरबत मात्र बिनधास्त द्या.