कालव्याच्या काठानं, सवडीनं

सायकल-सवड : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमचे चिरंजीव फ्रान्समध्ये तुलूझला विमान कंपनीत नोकरीला आहेत. येत्या मे महिन्यात आम्ही दोघं (मी ६४, सौ. ६१) त्याच्याकडे जाणार आहोत. तिथल्या जुन्या कालव्याच्या, ‘कनाल द्यु मिदी’च्या, काठानं थेट समुद्रापर्यंत सायकलनं जाता येतं असं तो सांगतो. आम्ही रोज सकाळी गंगापूर रोडला दहा-बारा किलोमीटर सायकल चालवतो, त्यापलीकडे अनुभव नाही. गाईड नको, ग्रुप नको, घाई तर मुळीच नको. जमेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : जमेल. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. नोकरीची बहुतेक वर्षं कालव्याच्या भरावावरून जीपनं हिंडण्यात गेली. त्यामुळे या कालव्याच्या बाबतीत मी पक्षपाती आहे, हे धरूनच पुढचं वाचा.

आधी चढाची भीती काढून टाका. तुलूझ समुद्रसपाटीपासून १३२ मीटरवर आहे आणि कालव्याचा सर्वांत उंच भाग, नोरूझचा, १८९ मीटरवर. म्हणजे अठरा-एकोणीस मजली इमारतीएवढा चढ, आणि तो पसरलाय पन्नासेक किलोमीटरवर. लॉक (बोटीला खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर नेणारं, दोन्हीकडे दरवाजे असलेलं कुंड) आला की चार पायडल जोर लावायचा, बाकी सपाट. नोरूझनंतर समुद्रापर्यंत उतारच. कालव्याची एकूण लांबी २४० किलोमीटर. रोज तीसच्या आसपास धरलेत तर अंगावर येणार नाही.

चढ नसला तरी वारा आहे, आणि रस्ता आहे. या दोन्हींबद्दल माहितीपत्रकात फारसं कोणी लिहीत नाही. त्या भागात ‘सेर’ नावाचा वारा पश्चिमेकडून समुद्राकडे वाहतो आणि तो बऱ्याचदा असतो. म्हणून तुलूझहून निघून पूर्वेकडे जायचं, उलट नाही. कधीकधी ‘ओतां’ हा उलट दिशेचा वारा सुटतो, तोंडावर येतो. त्या दिवशी हट्ट करू नका. जिथे असाल तिथेच मुक्काम वाढवा, तुम्हाला कुठे मस्टरवर सही करायची आहे?

रस्त्याचं म्हणाल तर तुलूझपासून पहिले पन्नास किलोमीटर डांबरी, गुळगुळीत. तेवढ्यावर भाळून लोक पातळ टायरची सायकल घेतात आणि पुढे पस्तावतात. ओद जिल्ह्यात शिरलात की मातीची पायवाट सुरू होते. बऱ्याच ठिकाणी एकच सायकल जाईल एवढी, झाडांच्या मुळांनी उचललेली. पाऊस झाला तर चिकणमाती मडगार्डमध्ये थापली जाते आणि चाक फिरेनासं होतं. अलीकडे काही तुकडे सुधारलेत, तरीही टायर चाळीस मिलिमीटरचा किंवा त्याहून रुंद हवा. वहिनींच्या गुडघ्यांचा काही प्रश्न असेल तर त्यांच्यासाठी बॅटरीची सायकल घ्या. मात्र मुळांच्या वाटेवर ती जड पडते, उतरून ढकलताना तुम्ही हात लावा.

‘गाईड नको’ म्हणालात ते बरं झालं. तिथे बऱ्याच कंपन्या एवढंच करतात : सायकल भाड्यानं देतात, मुक्कामाच्या खोल्या ठरवून देतात, नकाशा हातात ठेवतात आणि रोज सकाळी तुमची बॅग गाडीनं पुढच्या मुक्कामी पोचवतात. चालवायचं तुम्ही, थांबायचं तुमच्या मनानं. सामान दुसऱ्यानं नेण्यात कमीपणा वाटून घेऊ नका. कॅरिअरला टांगलेलं दहा किलोचं ओझं तिसऱ्या दिवशी वीस किलोचं होतं.

मुक्कामांचं म्हणाल तर तुलूझ ते कास्तेलनोदारी ६५ किलोमीटर आहे, त्याचे दोन दिवस करा. तिथून कार्कासोन चाळीस, एक किंवा दोन दिवस. कार्कासोनला एक दिवस सायकलला हात लावायचा नाही, तटबंदीचं जुनं शहर पायी बघायचं. पुढे त्रेब, ओम्प्स, ल सोमाय, कापेस्तां अशी छोटी गावं काठावरच आहेत. एक लक्षात ठेवा, कार्कासोनपर्यंत रेल्वे कालव्याच्या सोबत असते. नंतर ती दूर जाते आणि थेट बेझियेला भेटते. मधल्या शंभर किलोमीटरात थकलो म्हणून गाडी पकडू, असं होत नाही. ज्याला शंका असेल त्यानं कार्कासोनलाच परतीचा निर्णय घ्यावा.

बेझियेच्या पुढे आग्द आणि मग ‘तो’ नावाच्या खारकच्छाच्या (समुद्रालगतच्या खाऱ्या तळ्याच्या) काठावर कालवा संपतो. तिथून वाळूच्या पट्ट्यावरच्या सायकलवाटेनं सेत बंदर गाठता येतं. समुद्र बघायची हौस असेल तर जा. माझ्या मते खरी सहल बेझियेलाच पूर्ण होते.

बेझियेला फोंसेरानचा लॉकचा जिना आहे. एकाखाली एक आठ कुंडं, साडेएकवीस मीटर उतार. शहराच्या बाजूनं न जाता वरच्या टोकाला पोचा आणि हिरवळीवर बसा. खालच्या कुंडात बोट येते, मागचे दरवाजे मिटतात, पुढच्या दरवाज्यांच्या झडपा उघडल्या की पाणी उसळत आत शिरतं आणि बोट वर उचलली जाते. भाड्याच्या बोटी चालवायला परवाना लागत नाही. त्यामुळे हौशी कुटुंबं असतात : बाप सुकाणूवर ओरडतोय, मुलगी दोर घेऊन काठावर धावतेय, आई बोट भिंतीला आपटू नये म्हणून काठी घेऊन उभी. आम्ही तिथे दुपारभर बसलो होतो. पहिल्यांदा पाणी सुटलं तेव्हा आमच्या मंडळी म्हणाल्या, “घ्या, तुमचं आवर्तन सुटलं.” जेवणाच्या वेळेत लॉक बंद असतात, तेव्हा भर दुपारी बारा-एकला पोचू नका.

लॉकशेजारी लॉक सांभाळणाऱ्याचं घर असतं. त्याच्या भिंतीवरची पाटी वाचत चला. लॉकचं नाव, मागचा लॉक किती मीटरवर, पुढचा किती. किलोमीटरचा दगड शोधायची गरज पडत नाही.

प्रश्न : पाण्याच्या कडेकडेनं आठ दिवस जायचं म्हणजे रोज तेच दृश्य. त्यापेक्षा आल्प्सचा एखादा घाट बरा नाही का? शिवाय तिथली प्रसिद्ध झाडंही तोडली असं वाचलं. — एक वाचक, ठाणे

उत्तर : घाट हवा असेल तर घाट करा, तो प्रवास वेगळा. या कालव्यावर दृश्यापेक्षा डोकं बघायचं असतं, आणि ते डोकं पिएर-पॉल रिके या बेझियेच्या माणसाचं. धंदा म्हणाल तर मिठावरचा कर गोळा करण्याचा. स्थापत्याचं शिक्षण शून्य.

अटलांटिक आणि भूमध्य समुद्र जोडायचा कालवा ही कल्पना जुनी होती, अडत होतं पाणी. मधल्या उंचवट्यावर कालवा नेला तर लॉक उघडला की पाणी दोन्हीकडे उतरून जाणार, ते भरायचं कुठून? रिकेनं उत्तरेकडच्या काळ्या डोंगरातले, मोंतान्य नुआरमधले, ओढे अडवले, पाटानं नोरूझच्या माथ्यावर आणले आणि तिथून पाणी दोन्ही बाजूंना सोडलं. पावसाळ्याचं पाणी उन्हाळ्याला पुरावं म्हणून सँ-फेरेओलचं धरण बांधलं. चौदाव्या लुईचा हुकूम १६६६चा, कालवा खुला झाला मे १६८१मध्ये. रिके त्याआधी काही महिने, ऑक्टोबर १६८०मध्ये, कर्जबाजारी होऊन वारला. कामावर एका वेळी बारा हजारांपर्यंत माणसं होती, त्यांत बायकाही होत्या. मजुरांना तो महिन्याचा पगार द्यायचा, पावसाचे आणि सुट्टीचे दिवस धरून. आमच्याकडे रोजंदारीच्या मस्टरवर ही सोय यायला किती काळ गेला, ते मी जाणतो.

लॉकच्या भिंती बघा, सरळ नाहीत, पोट सुटल्यासारख्या बाहेर वळलेल्या आहेत. दाराशी जेमतेम सहा मीटर रुंद, मध्ये अकरा. सुरुवातीच्या एका लॉकची सरळ भिंत मातीच्या दाबानं ढासळली, तेव्हा रिकेनं भिंतीला आडव्या कमानीचा आकार दिला. दाब आला की दगड एकमेकांत अधिक घट्ट बसतात. साडेतीनशे वर्षं झाली, त्या भिंती उभ्या आहेत.

अर्झांपासून फोंसेरानपर्यंत चोपन्न किलोमीटर एकही लॉक नाही. सगळा कालवा टेकड्यांच्या कडेनं, समतल रेषा धरून नेलाय. त्यामुळे तो इतकी वळणं घेतो की एकच चर्चचा मनोरा तासभर कधी उजवीकडे, कधी समोर, कधी पाठीशी दिसत राहतो. कंटाळा तिथे येऊ शकतो, हे मान्य. मला तिथेच सर्वांत मजा आली, पण मी सामान्य प्रवासी नव्हे. ला रदोर्तजवळ अकरा कमानींचा एक सांडवा आहे, त्यावरून सायकलवाट जाते. जास्तीचं पाणी पायाखालून नदीत पडतं. मूळ कालव्यात ओढे सरळ येऊन मिळत आणि गाळ भरे. पुढे वोबां या लष्करी अभियंत्यानं कालव्याखालून मोऱ्या काढून आणि ओढ्यांवरून कालवा नेणारे जलसेतू बांधून ते ओढे वेगळे काढले. हा सांडवाही त्याच दुरुस्तीतला. आमच्या खात्यात नवीन मुलांना अजूनही तेच शिकवावं लागतं : ओढ्याचं पाणी कालव्यात घ्यायचं नाही.

मालपा इथं टेकडी आडवी आली तेव्हा १६७९च्या सुमारास तिच्यातून बोगदा खणला. कालवा आतून जातो, आपण वरून. त्याच टेकडीत खाली मध्ययुगात मोंतादीचं तळं उपसण्यासाठी खणलेली मोरी आहे आणि नंतर काढलेला रेल्वेचा बोगदाही. शेजारच्या टेकाडावर चढलात तर ते सुकवलेलं तळं दिसतं. गोल शेत, मध्यबिंदूपासून चहूकडे गेलेले चर. तिथे पाणी पीत बसा.

झाडांचं मात्र खरं आहे. काठावर बेचाळीस हजार प्लेन झाडं होती, काश्मीरच्या चिनारच्या जातकुळीतली, बहुतेक एकोणिसाव्या शतकात लावलेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून एक बुरशी फ्रान्समध्ये आली असं मानतात. कालव्यावर ती २००६मध्ये सापडली. औषध नाही. रोगट झाड आणि त्याच्या शेजारची झाडं तोडून जाळावी लागतात, आणि निम्म्याहून जास्त झाडं अशी गेली. आता वेगवेगळ्या जातींची रोपं लावताहेत. काही तुकडे उघडेबोडके आहेत, उन्हाचे चटके बसतात. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. मे किंवा सप्टेंबर उत्तम.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडंही खात नाही. उपाशी मरू का? — एक वाचक, सांगली

उत्तर : मरणार नाही, पण रोज विचार करावा लागेल. कास्तेलनोदारीची ख्याती ज्या पदार्थावर आहे तो ‘कासुले’ म्हणजे पांढऱ्या घेवड्याचं मंद आचेवरचं कालवण, आणि त्यात बदक व डुकराचं सॉसेज असतंच. नुसता घेवडा वाढा म्हणून सांगण्यात अर्थ नाही, रस्सा त्याच मांसाचा. सॅलड मागवलं तरी त्यावर बेकनचे बारीक तुकडे पेरलेले असू शकतात. गरम बकरीच्या चीजचं सॅलड त्यातल्या त्यात भरवशाचं, तरी विचारून घ्या. “झ न मांज नी व्हियांद, नी प्वासों, नी एफ” (मी मांस, मासे, अंडी खात नाही) हे वाक्य पाठ करून जा, कोणी हसत नाही.

खरी अडचण वेळेची आहे. जेवण बारा ते दोन, त्यानंतर स्वयंपाकघर बंद. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी छोट्या गावांत दुकानंही बंद. त्यामुळे शनिवारच्या बाजारात ब्रेड, चीज, टोमॅटो, फळं घेऊन ठेवा. मुक्काम स्वयंपाकघर असलेल्या घरात करा, खिचडी टाकता येते. मेतकूट आणि लसणीची चटणी सोबत असेल तर तिथल्या ताज्या पावाचं सोनं होतं.

प्रश्न : स्वतःची सायकल विमानानं न्यावी का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नको. खोका, विमानाचं भाडं, तिथे पोचल्यावर खोका ठेवायची जागा, परतीला पुन्हा तो खोका. एका टोकाला घेऊन दुसऱ्या टोकाला सोडायच्या सायकली भाड्यानं मिळतात, आधी ठरवून ठेवा. नेहमीची सीट मात्र काढून बॅगेत टाका. चौथ्या दिवशी मला दुवा द्याल.