करंटच्या यंत्राने बोटांत पकड येईल का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी नारळाच्या झाडावरून पडला आणि त्याच्या मानेतील मज्जारज्जूला इजा झाली. खांदे, कोपर, मनगट हलते. बोटांत पकड नाही. शस्त्रक्रिया न करता मानेवर पट्ट्या चिकटवून करंट देणारे यंत्र परदेशात निघाल्याचे ऐकतो. आमच्या फिजिओथेरपिस्टकडे करंटचे मशीन आहे. तेच मानेला लावले तर चालेल का?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ते मशीन मानेला लावू नये. दवाखान्यांत सहसा असते ते टेन्स मशीन वेदना कमी करण्यासाठी असते. आपण ऐकलेल्या पद्धतीत मानेच्या कण्यावरील त्वचेतून दिलेला प्रवाह मज्जारज्जूत शिरणाऱ्या संवेदी मज्जामुळांना (संवेदना आणणाऱ्या मज्जातंतूंच्या मुळांना) चेतवतो. त्यामुळे हाताच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी इतक्या तयारीत येतात, की इजेतून वाचलेल्या थोड्याशा तंतूंवाटे येणारा मेंदूचा क्षीण संदेशही त्यांना पुरतो, असे मानले जाते. हालचाल मात्र रुग्णालाच करावी लागते.

या पद्धतीच्या ‘अप-लिफ्ट’ चाचणीचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. मानेत इजा होऊन किमान एक वर्ष लोटलेल्या 60 जणांना आधी दोन महिने केवळ व्यायाम आणि पुढचे दोन महिने व्यायामासोबत विद्युत-उद्दीपन देण्यात आले, तेव्हा 72 टक्के जणांच्या हाताची ताकद आणि कामाची क्षमता दोन्ही सुधारल्या. खोटे उद्दीपन दिलेला तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे सगळे श्रेय करंटला देण्यास मी धजणार नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या ‘आर्क-एक्स’ यंत्राला परवानगी दिली, तीही मानेतील अपूर्ण इजेपुरती, म्हणजे मज्जारज्जूच्या शेवटच्या टोकापर्यंत थोडी तरी संवेदना किंवा हालचाल उरलेल्या इजेपुरती.

भावाची इजा पूर्ण आहे की अपूर्ण, हे एमआरआयवरून ठरत नाही. त्यासाठी गुदद्वाराजवळची संवेदना आणि आकुंचन तपासावे लागते. ही तपासणी संकोच न बाळगता करून घ्यावी. संवेदना नसलेल्या कातडीला करंटने भाजले तरी रुग्णाला कळत नाही, शिवाय मानेतील इजेत अशा उद्दीपनाने रक्तदाब एकाएकी भडकून डोके ठणकू लागणे आणि घाम फुटणे हा धोकाही असतो. म्हणून घरगुती प्रयोग टाळावेत.

मनगट मागे वळवल्यावर भावाची बोटे आपोआप मिटत असतील, तर तीच आज त्याची पकड आहे. मालिश करणाऱ्याला सांगून ठेवावे, की मनगट मागे असताना बोटे ताणून सरळ करू नयेत. त्याने ही पकड सैल पडते.