एलसीडीच्या काचेवर मखमल का घासतात? त्याने खरंच चरे पडतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी कॉलेजच्या लॅबमध्ये साधा एलसीडी सेल बनवायचा आहे. काचेवर पॉलिमरचा थर द्यायचा आणि तो मखमलीने एका दिशेत घासायचा, असं सगळीकडे वाचलं. घासल्यावर बारीक चरे पडतात आणि लिक्विड क्रिस्टलचे रेणू त्या चऱ्यांत ओळीने बसतात, हे बरोबर आहे का? आणि कारखान्यात आजही खरोखर कापडानेच घासतात का? आम्ही मुंबईत आहोत, सामान कुठे मिळेल?"

मी मुंबईतच एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि एमएस्सीच्या मुलांकडून असे सेल करून घेतो, म्हणून सविस्तर लिहितो. चऱ्यांचं स्पष्टीकरण पूर्ण चूक नाही, पण खरं काम चरे करत नाहीत. घासताना पॉलिमरच्या लांब साखळ्या वरच्या थरात ओढल्या जाऊन एका दिशेला वळतात, आणि रेणू त्या साखळ्यांकडे बघून दिशा ठरवतात. प्रोजेक्टच्या पहिल्याच पानावर हे नीट मांडा, कारण तोंडी परीक्षेत नेमकं इथेच विचारतात.

मुळात घासायची गरज का पडते ते आधी बघू. नेमॅटिक प्रकारच्या लिक्विड क्रिस्टलचे (हा पदार्थ द्रवासारखा वाहतो) रेणू काड्यांसारखे लांबट असतात. शेजारच्या रेणूला समांतर राहायचं, एवढं त्यांना कळतं. पण सगळ्यांनी मिळून उत्तरेकडे बघायचं की पूर्वेकडे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. दोन साध्या धुतलेल्या काचांमध्ये लिक्विड क्रिस्टल भरा, एकमेकांशी काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझरमध्ये (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आरपार सोडणाऱ्या पट्ट्यांमध्ये) तो सेल धरा आणि मायक्रोस्कोपखाली बघा. काळ्या झाडूच्या फटकाऱ्यांसारखे पट्टे दिसतील, काही एका बिंदूतून निघून पसरलेले, काही धाग्यासारखे वळवळणारे. काच फिरवली की पट्टेही फिरतात. दिसायला फार सुंदर, पण डिस्प्लेसाठी निरुपयोगी, कारण प्रत्येक ठिकाणी रेणूंची दिशा वेगळी आहे.

काचेच्या पृष्ठभागाने एकदा दिशा ठरवून दिली की चित्र बदलतं. दोन काचांमधलं अंतर साधारण ३ ते ५ मायक्रॉन असतं. रेणूची जाडी अर्धा नॅनोमीटर धरली तर ५ मायक्रॉनमध्ये सुमारे १०,००० रेणूंची चळत बसते. पृष्ठभागाशी थेट संबंध येतो तो फक्त पहिल्या एक-दोन थरांचा. बाकीचे हजारो थर नुसत्या शेजारधर्माने तीच दिशा धरतात. वरच्या आणि खालच्या काचेच्या दिशा एकमेकींना काटकोनात ठेवल्या तर मधले रेणू जिन्याच्या पायऱ्यांसारखे हळूहळू ९० अंश वळत जातात, आणि प्रकाशाचं ध्रुवीकरणही त्यांच्यासोबत वळतं. कॅल्क्युलेटर, मनगटी घड्याळं, घरचा विजेचा मीटर, या सगळ्यांवरचे काळे आकडे बहुधा या ट्विस्टेड नेमॅटिक रचनेवरच चालतात. मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेलफ्रिश यांनी ती १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. पण काच कागदाने घासली की रेणू ओळीने लागतात, आणि दिशा वेगवेगळ्या ठेवल्या की पीळ बसतो, हे शार्ल मोगँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९११ मध्येच पाहिलं होतं. डिस्प्लेची कल्पनाही नव्हती तेव्हा!

आता चऱ्यांकडे येऊ. १९७२ मध्ये बेरमन या शास्त्रज्ञांनी एक सरळ हिशेब मांडला. पृष्ठभागावर लाटांसारखे चरे असतील आणि रेणू चऱ्यांना आडवे पडले, तर त्यांना प्रत्येक लाटेबरोबर वाकावं लागतं, आणि वाकण्याला ऊर्जा लागते. चऱ्यांच्या दिशेने पडले तर वाकावंच लागत नाही. हिशेब बरोबर आहे, आणि मुद्दाम खोल चरे कोरलेल्या पृष्ठभागावर रेणू खरंच तसे लागतात. पण घासलेल्या पॉलिमरला तो पुरत नाही. घासलेल्या पॉलिस्टायरीनवर रेणू घासण्याच्या दिशेला काटकोनात बसतात. चऱ्यांचं म्हणणं खरं असतं तर असं होणं शक्यच नव्हतं. होतं ते याच्यामुळे: साखळ्या घासण्याच्या दिशेने ओढल्या जातात, पण पॉलिस्टायरीनच्या साखळीला बाजूला चिकटलेली बेंझिनची कडी त्या साखळीला आडवी उभी राहतात, आणि लिक्विड क्रिस्टलचा रेणू त्या कड्यांचं ऐकतो. दुसरा पुरावा प्रकाशाचा. नुसत्या ध्रुवीकृत अतिनील प्रकाशाने पॉलिमरला दिशा देता येते, तिथे कापड लागतच नाही, चरे पडत नाहीत, तरी रेणू ओळीने लागतात. शिवाय १९९५ मध्ये क्ष-किरणांनी थेट तपासणी झाली. घासलेल्या पॉलिइमाइडच्या (कारखान्यात काचेवर याच पॉलिमरचा थर देतात) अगदी वरच्या काही नॅनोमीटरमध्ये साखळ्या खरोखर वळलेल्या दिसल्या, आणि तेही त्या पॉलिमरच्या मऊ होण्याच्या तापमानापेक्षा कितीतरी खाली. मला हा निष्कर्ष आजही थक्क करतो. मखमलीच्या मऊ लवेचा दाब एवढ्या कठीण पॉलिमरच्या कातडीला वळवायला पुरतो.

घासण्याचा आणखी एक परिणाम असा की रेणू काचेवर सपाट न पडता एका टोकाने किंचित उचललेले राहतात. याला प्रीटिल्ट म्हणतात. साध्या ट्विस्टेड नेमॅटिक सेलमध्ये हा कोन काही अंशांचाच असतो, पण त्याच्याशिवाय डिस्प्ले नीट चालत नाही. व्होल्टेज दिल्यावर रेणू उभे राहतात. सगळे अगदी सपाट असतील तर काही डाव्या टोकाने उठतात, काही उजव्या, आणि जिथे दोन्ही गट भेटतात तिथे कायमची रेघ दिसते. आधीच एका बाजूला कल असेल तर सगळे एकाच बाजूने उठतात. कापड डावीकडून उजवीकडे ओढलं की उजवीकडून डावीकडे, याने फरक पडतो तो इथेच. म्हणून मागेपुढे घासू नका. प्रत्येक वेळी कापड उचलून पुन्हा त्याच टोकापासून सुरुवात करा.

कारखान्यात कापड गेलं का? पूर्ण गेलेलं नाही. पॉलिइमाइडचा ५० ते १०० नॅनोमीटरचा थर छापायचा, २०० अंशांच्या आसपास भाजायचा, आणि रेयॉन किंवा सुती मखमल गुंडाळलेल्या फिरत्या रोलरखालून काच सरकवायची, ही पद्धत स्वस्त आहे, वेगवान आहे आणि रेणूंच्या दिशेवर पकड मजबूत देते. कित्येक दशकं जगभरचे पडदे असेच बनले. पण कापडाचे तंतू आणि पॉलिमरचा चुरा काचेवर पडतो. घर्षणाने स्थिर वीज साचते आणि खालचे ट्रान्झिस्टर जळू शकतात. काचेवर उंचवटे असतील तर त्यांच्या आडोशाला लव पोचत नाही, तिथून प्रकाश गळतो आणि काळा रंग करडा दिसतो. शार्पच्या जपानमधल्या साकाई कारखान्यातली (तिथलं पॅनेलचं उत्पादन २०२४ मध्ये थांबलं) दहाव्या पिढीची काच २,८८० बाय ३,१३० मिलिमीटर होती. एवढ्या काचेवर लवेचा दाब सगळीकडे सारखा ठेवणं सोपं नाही.

म्हणून प्रकाशाची पद्धत आली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिका, स्वित्झर्लंड आणि युक्रेन इथल्या गटांनी ती जवळपास एकाच सुमारास दाखवली. ध्रुवीकृत प्रकाश पडला की त्या दिशेत असलेलेच बंध प्रतिक्रिया देतात. काही पदार्थांत शेजारचे दोन गट जोडले जातात, काहींत रेणू वळतो, तर काही पॉलिइमाइडमध्ये २५४ नॅनोमीटरचा प्रकाश त्या दिशेच्या साखळ्या तोडतो आणि आडव्या साखळ्या शिल्लक राहतात. स्पर्श नाही, धूळ नाही, आणि मास्क लावून एकाच पिक्सेलच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळी दिशा देता येते, ज्यामुळे बाजूने बघतानाही चित्र नीट दिसतं. सुरुवातीला पकड कमकुवत असल्याने एक चित्र बराच वेळ ठेवलं की त्याची सावली मागे राहायची. ते सुधारत गेलं. शार्पने २००९ मध्ये टीव्हीच्या पॅनेलमध्ये ही पद्धत आणली आणि आता फोनच्या पडद्यांतही ती वापरतात. माझ्या मते पुढची दिशा हीच आहे.

तिसरी पद्धत जॅनिंग या संशोधकांनी १९७२ मध्ये दिली. निर्वात पोकळीत सिलिकॉन मोनॉक्साइडची वाफ काचेवर तिरकी पाडायची. त्याचे सूक्ष्म कललेले खांब तयार होतात आणि वाफेच्या कोनाप्रमाणे रेणू सपाट किंवा कललेले बसतात. मोठ्या काचेला ही महाग पडते, पण प्रोजेक्टरच्या छोट्या चिपला उत्तम, कारण तिथल्या प्रखर प्रकाशात सेंद्रिय पॉलिमर खराब होतो, हा थर होत नाही. कार्बनच्या थरावर आयनांचा तिरका झोत मारायची आयबीएमची पद्धत २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, तिची नोंद प्रोजेक्टमध्ये एका ओळीत केली तरी चालेल. आणि रेणू काचेवर उभेच करायचे असतील तर लेसिथिनसारखा पदार्थ लावतात, त्याच्या लांब शेपट्या बाहेर उभ्या राहतात. पण तुम्ही ५सीबी (लॅबमध्ये नेहमी वापरलं जाणारं नेमॅटिक लिक्विड क्रिस्टल) वापरणार असाल तर तसा सेल करू नका. काचांना काटकोनात वीजक्षेत्र दिलं की ५सीबीचे रेणू उभे राहतात. ते आधीच उभे असतील तर व्होल्टेज देऊन काहीच दिसणार नाही.

आता तुमच्या सेलबद्दल. पॉलिइमाइडच्या मागे लागू नका, त्याचे द्रावक आणि तापमान कॉलेजला झेपत नाही. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए, पुरे. कोमट पाण्यात एक टक्का द्रावण करून गाळून घ्या, आयटीओ (वीज वाहून नेणारा पारदर्शक थर) लावलेल्या काचेच्या वाहक बाजूला पातळ थर द्या (वाहक बाजू कुठली ते मल्टिमीटरने ओहममध्ये तपासा) आणि ११० अंशांच्या आसपास तासभर ठेवा. प्रीटिल्ट फारच कमी मिळेल, एखाद-दोन रेघा दिसतील, पण सेल चालेल. पोलरायझर लॅमिंग्टन रोडला विचारा, नाहीतर जुन्या कॅल्क्युलेटरचे काढा. मखमल मंगलदास मार्केटमध्ये मिळते. सुती किंवा रेयॉनची घ्या आणि घासण्यापूर्वी झटकून तंतू काढा. काचेच्या मागे कोपऱ्यात मार्करने दिशेचा बाण काढा, सेल चिकटवल्यावर दिशा कोणालाच आठवत नाही.

मुंबईच्या हवेचं मुद्दाम सांगतो. ५सीबी फक्त २४ ते ३५ अंशांत नेमॅटिक राहतं. मे महिन्यात एसी नसलेल्या लॅबमध्ये दुपारी ते साध्या द्रवात बदलण्याच्या उंबरठ्यावर असतं, आणि सेलवर बोट ठेवलं तरी तेवढा भाग काळा पडतो. शक्य असेल तर ई७ हे लिक्विड क्रिस्टलचं मिश्रण मागवा, ते साधारण ५८ अंशांपर्यंत टिकतं. जुलैमध्ये उलट त्रास: पीव्हीए हवेतलं पाणी शोषून मऊ पडतो आणि घासताना ओरबाडला जातो. काचा सिलिका जेलच्या डब्यात ठेवा आणि घासायच्या आधी पुन्हा थोडा वेळ गरम करा. भरताना ५सीबी ४० अंशांना नेऊन भरा आणि मग थंड होऊ द्या, नाहीतर वाहण्याच्या दिशेच्या रेघा राहतात. व्होल्टेज देताना चौरस लहरींचं एसीच द्या, १ किलोहर्ट्झ, शून्यापासून ५ व्होल्टपर्यंत. बॅटरी थेट जोडली तर विद्युतविघटनाने सेल काही वेळात खराब होतो.

आणि चऱ्यांचा प्रश्न तुम्हाला स्वतः सोडवता येईल. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीनच. त्याचा छोटा तुकडा फ्यूम हूडमध्ये टोल्यूइनमध्ये विरघळवा, एका काचेवर पातळ थर द्या, ७०-८० अंशांना वाळवा आणि हलक्या हाताने घासा. दुसऱ्या काचेवर पीव्हीए. दोन्हींच्या घासण्याच्या दिशा समांतर ठेवून सेल करा, आणि तुलनेसाठी दोन्हीकडे पीव्हीए असलेला तसाच दुसरा सेल करा. पॉलिस्टायरीनची पकड कमकुवत असते, म्हणून भरल्यावर लगेच थंड करा आणि त्याच दिवशी बघा. घासण्याची दिशा एका पोलरायझरला समांतर ठेवून दोन्ही सेल काटकोनातल्या पोलरायझरमध्ये धरा. पीव्हीए-पीव्हीए सेल काळा दिसायला हवा. पॉलिस्टायरीनच्या सेलमध्ये चरे काम करत असतील तर तोही काळाच राहील, आणि साखळीची कडी काम करत असतील तर आत ९० अंशांचा पीळ बसून तो उजळेल. दोन्हींचे फोटो इथे टाका, मला बघायला फार आवडतील.