भयपटाची पटकथा लिहितोय. कथानक, पात्रं आणि राक्षस यांतलं आधी काय ठरवू?

आधी माणूस ठरवा, राक्षस नंतर. तुमचा नायक कशाला घाबरतो आणि काय लपवतो, हे एका वाक्यात लिहा. राक्षस त्यातूनच निघू द्या. समजा, एका बाईने आजारी आईची हाक ऐकूनही दार उघडलं नाही आणि आई गेली. मग तिचा राक्षस ओळखीच्या आवाजात हाक मारणारा हवा. दात-नखं हवीत कशाला? दाराबाहेरून आलेलं ‘उघड ना गं’ एवढं पुरतं.

राक्षसाचे नियम मात्र पक्के करा. तो कधी येतो, काय करू शकत नाही, कशाने थांबतो. हे नियम प्रेक्षकाला हळूहळू कळू द्या, पण तुम्ही स्वतः ते मोडू नका. मोडलेत की भीती तिथेच संपते.

त्याला लवकर दाखवूही नका. ‘जॉज’ (1975) या माणसं खाणाऱ्या शार्कच्या सिनेमाच्या चित्रीकरणात यांत्रिक शार्क सारखा बिघडायचा, म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्गने तो बराच वेळ पडद्याआड ठेवला. त्याने सिनेमा जास्तच भेदक झाला.

बाकी पात्रं तीन-चार बास. प्रत्येकाला तिथून निघून न जाण्याचं खरं कारण द्या. मला सर्वात जास्त खटकतं ते हेच नसणं.

कथानकासाठी शेवट आधी ठरवा. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, तेव्हा पहिल्या दहा पानांत काहीतरी बिनसलंय हे जाणवलंच पाहिजे.