अमेरिकेत मेडिकल असिस्टंटचा सर्टिफिकेट कोर्स करायचा आहे. ट्रेड स्कूल कसं निवडावं?

आधी मान्यता बघा, फी नंतर. आणि मान्यता दोन प्रकारची असते, इथेच बरेच जण फसतात. शाळेला मान्यता असली म्हणजे त्या कोर्सला असतेच असं नाही. कोर्सला सीएएएचईपी (CAAHEP) किंवा एबीएचईएस (ABHES) या आरोग्य क्षेत्रातल्या कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का, हे त्या संस्थांच्या यादीत स्वतः शोधा. प्रवेश विभागाच्या तोंडी आश्वासनावर थांबू नका. सीएमए (सर्टिफाइड मेडिकल असिस्टंट) परीक्षेला बसण्याचा सर्वांत सरळ रस्ता अशा मान्यता असलेल्या कोर्समधूनच जातो, आणि नोकरीच्या जाहिरातींत हे प्रमाणपत्र अनेकदा मागतात.

दुसरं, प्रत्यक्ष दवाखान्यातलं काम. सीएएएचईपीच्या नियमानुसार ते किमान 160 तासांचं असावं लागतं. जागा शाळा शोधून देते की तुम्हालाच शोधावी लागते, हे स्पष्ट विचारा. रक्त काढणं, ईसीजी, इंजेक्शन देणं हे हात बसल्याशिवाय येत नाही, म्हणून पूर्ण ऑनलाइन कोर्सपासून मी तरी लांबच राहीन.

राज्याचे नियमही वेगळे असतात. वॉशिंग्टन राज्यात हे काम करायला राज्याकडून परवाना घ्यावा लागतो, बऱ्याच राज्यांत तशी अट नाही.

कोर्स साधारण वर्षभरात संपतो. कर्ज काढण्याआधी जवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये हाच कोर्स आहे का ते नक्की बघा. तिथे फी सहसा बरीच कमी असते. पुढे नर्सिंगला जायचं मनात असेल तर क्रेडिट तिकडे धरले जातील का, हे आजच लेखी मागून घ्या.