बाबांच्या पायातली शीर लेझरने बंद केली तर रक्त वर कसं जाणार?

तुम्ही लिहिलंय की बाबांचं सलून आहे, तीस वर्षं दिवसभर उभं राहून काम, आता पोटरीवर शिरांच्या गाठी आल्यात, घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळी पडून खाजते आणि डॉक्टरांनी लेझर सुचवलंय.

आधी तुमच्या भीतीबद्दल. पायातलं साधारण 90 टक्के रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांमधून वर जातं. फुगलेली दिसते ती कातडीखालची शीर. तिच्या झडपा निकामी झाल्याने रक्त उलट खाली येतं आणि घोट्यापाशी साचतं. म्हणजे ती शीर आजही बाबांच्या उपयोगाची नाही. ती बंद केली की रक्त चांगल्या शिरांमधून जातं.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, पायांचे डॉपलर, म्हणजे शिरांमधलं रक्त कुठल्या दिशेने वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, रोज करते. माझ्या मते मशीनच्या नावापेक्षा डॉपलर नीट होणं महत्त्वाचं. तो उभं करून केलाय का, हे नक्की विचारा. झोपवून केला तर झडपेची गळती नजरेतून निसटू शकते. आम्ही पेशंटला उभं करतो, भार दुसऱ्या पायावर घ्यायला लावतो, पोटरी दाबतो आणि सोडतो. सोडल्यावर स्क्रीनवरचा रंग उलटला आणि अर्ध्या सेकंदाहून जास्त टिकला, की झडप गळतेय. खोल शिरा मोकळ्या आहेत ना, हेही तेव्हाच बघायचं. त्याच तुंबलेल्या असतील तर कातडीखालची शीर घाईने बंद करू नये.

लेझर की आरएफ (रेडिओ लहरींनी तापवून शीर बंद करणं) यावर डोकं शिणवू नका, दोन्हींचे निकाल जवळपास सारखे आहेत. गुडघ्याच्या आसपास सुई टोचून, सोनोग्राफीत बघत बारीक तार जांघेपर्यंत नेतात. शिरेभोवती भुलीचं औषध घातलेलं सलाइन भरतात, त्यामुळे दुखणंही कमी होतं आणि बाजूची कातडी, मज्जातंतू भाजत नाहीत. आरएफमध्ये तारेचं टोक 120 अंशांपर्यंत 20 सेकंद तापतं, तेवढा तुकडा आकसतो, मग तार थोडी मागे घेतात. पेशंट बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो. वाकड्यातिकड्या लहान शिरांना फोमचं इंजेक्शन देतात. काही दिवस चट्टे, मुंग्या, ओढल्यासारखं वाटणं हे होतं. गुठळी क्वचित होते, म्हणून घरी पडून न राहता चालायचं.

'परत कधीच होणार नाही' असं कोणी सांगितलं तर मात्र विश्वास ठेवू नका. पुढे दुसरी शीर बिघडू शकते.

बाबांच्या बाबतीत मला काळजी त्या काळ्या कातडीची वाटते. तिथेच पुढे न भरणारी जखम होते, त्यामुळे हे नुसतं दिसण्यापुरतं नाही, फार लांबवू नका. तोवर खाजवू देऊ नका. आणि शीर फुटून रक्त आलंच तर त्यांना लगेच आडवं करा, पाय छातीपेक्षा उंच धरा, स्वच्छ कापडाने दहा मिनिटं घट्ट दाबून ठेवा आणि मग दवाखान्यात न्या.