बँडमध्ये बेस गिटारचा आवाज हरवतो. पिकअप बदलू, प्रीअँप बसवू की मोठं कॅबिनेट घेऊ?

तिन्हीपैकी काहीच नको, निदान एवढ्यात तरी.

तुम्ही लिहिलंय की बेस जुना, चार तारांचा, दोन पिकअपवाला (पिकअप म्हणजे तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी चुंबक-गुंडाळी). कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, दोन दहा इंची स्पीकरचं, तेही वापरलेलं घेतलेलं. घरी आवाज बरा वाटतो आणि ड्रम-गिटार सुरू झाले की तुम्ही वाजवताय हे फक्त तुम्हालाच ठाऊक असतं. याच दुखण्यावर मी वर्ष-दीड वर्ष भलत्याच जागी मलम लावत बसलो होतो, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

माझंही कॅबिनेट दोन दहाचं, दुसऱ्याच्या हातचं. आवाज पातळ, पोकळ. मी सरळ गिटारला दोषी ठरवलं. आधी पिकअप बदलले. मग नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअँप (गिटारमध्येच सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट) बसवला, आणि बॅटरीला जागा करायला गिटारच्या पाठीत चक्क पटाशी चालवली. आजही मागचं झाकण उघडलं की ते ओबडधोबड कोरकाम बघून ओशाळायला होतं. फरक पडला, नाही असं नाही, पण आवाजाचा नुसता रंग बदलला, अंग काही भरलं नाही. मग एकदा सरावाला दुसऱ्या बेसिस्टचं कॅबिनेट होतं, त्याला माझा अँप जोडला आणि पहिल्याच मोकळ्या ई तारेला पायाखालची फळी थरथरली. गिटार तीच, अँप तोच.

घरी येऊन कॅबिनेटची जाळी काढली. मागच्या सॉकेटमध्ये केबल खुपसली आणि तिच्या दुसऱ्या टोकाला नऊ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवली, धन टोक जॅकच्या अणीला, ऋण टोक दांड्याला. वरच्या स्पीकरचा कोन टप्प करून पुढे आला. खालचा तेवढाच मागे गेला. पुन्हा टेकवली, पुन्हा तेच. वरचा बाहेर, खालचा आत.

आधी कुणीतरी खालचा स्पीकर बदलताना दोन वायरी उलट लावल्या होत्या. त्यामुळे एक कोन हवा ढकलायचा तेव्हा दुसरा ओढायचा, आणि खर्जाचा सगळा जोर पेटीच्या तोंडाशीच विरून जायचा. वरचे सूर मात्र बऱ्यापैकी ऐकू यायचे, म्हणून कधी संशयच आला नाही. दोन क्लिपा अदलाबदल केल्या, दोन मिनिटांचं काम. जुने पिकअप परत बसवले. नवे अजून कपाटात पडून आहेत.

तर तुमचं पहिलं काम हेच. जाळी काढा, बॅटरी टेकवा. नुसती टेकवून उचलायची, धरून ठेवायची नाही. दोन्ही कोन एकदम बाहेर आले पाहिजेत. दोन्ही आत गेले तर बिघाड नाही, फक्त सगळंच उलट जोडलंय. दुसरं कॅबिनेट जोडाल तेव्हा मात्र ते नडेल. एखादा हललाच नाही, तर मल्टिमीटर घ्या, त्या स्पीकरची एक वायर सोडवा आणि त्याच्याच टोकांवर रोध मोजा. आठ ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साडेपाच ते सातच्या आसपास दाखवतो. कमी दिसतंय म्हणून घाबरू नका, छापलेला आकडा चालू सिग्नलसाठी असतो, मीटर फक्त तारेच्या गुंडाळीचा रोध दाखवतो. काहीच दाखवलं नाही, तर गुंडाळी तुटली.

जाळी काढलीच आहे तर स्पीकरचे सगळे स्क्रू आवळून घ्या, समोरासमोरचे आळीपाळीने, हलक्या हाताने. पार्टिकल बोर्डात जोर लावलात की भोक सैल झालंच म्हणून समजा. (झालं तर लाकडाच्या गोंदात बुडवलेल्या काड्यापेटीच्या काड्या भोकात भरा, वाळू द्या, कापून सपाट करा. गिटारच्या पट्ट्याच्या बटणालाही हाच उपाय.) मग कुणाला तरी मोकळी ई तार ठोकत राहायला सांगा आणि ओला तळहात हँडल, जॅकची पट्टी, कडेचे सांधे यांवरून फिरवा. कुठे गार फुंकर लागली तर तिथून हवा गळतेय. पुढच्या पोर्टमधून, म्हणजे मुद्दाम ठेवलेल्या भोकातून, हवा येणारच, ती गळती नव्हे. बाकी ठिकाणी फोमची चिकटपट्टी पुरते. ‘स्पीकर फाटलाय’ म्हणून कुणी सांगत आलं की मी आधी हँडलचे स्क्रू बघतो.

आता समजा कॅबिनेट निर्दोष निघालं. मग संशय तुमच्या हातावर. वाजवणाऱ्या नव्हे, अँपची बटणं फिरवणाऱ्या.

घरी एकट्याने वाजवताना आपण सगळेच तेच करतो. बेस वर, ट्रेबल वर, मधला पट्टा खाली. कानाला गोड लागतं. बँडमध्ये मात्र खाली बेस ड्रम बसलेला असतो, वर झांजा आणि गिटार, आणि ज्या मधल्या पट्ट्यात तुमचा सूर ओळखू यायचा तोच तुम्ही स्वतः कापून ठेवलेला असतो. मोकळ्या ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा. बहुतेक छोटी कॅबिनेटं तिथे पोचेपर्यंत दमलेली असतात. आपण ‘खर्ज’ म्हणून जे ऐकतो त्यात ८२ आणि १२३ हर्ट्झ या वरच्या उपसुरांचा वाटा फार मोठा असतो, मूळ सूर मेंदू स्वतःच भरून घेतो. म्हणून बेसचं बटण पिळून काही साधत नाही, कोन नुसते धापा टाकतात. ते बटण मधोमध आणा, २५० ते ८०० हर्ट्झच्या दरम्यान थोडं चढवा. एकट्याने ऐकाल तर आवाज नाकात बोलल्यासारखा, कुरूप वाटेल. वाटू द्या. अँपवर ३०-४० हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर असेल तर तो चालू ठेवा. पोर्टवाल्या पेटीत त्या खालच्या भागात कोनाला मागून हवेचा आधार राहत नाही, तो नुसताच हेलकावतो आणि एक दिवस जातो.

जागाही बघा. कॅबिनेट जमिनीवर आणि तुम्ही दोन हात अंतरावर उभे, म्हणजे आवाज तुमच्या पोटऱ्यांना ऐकू येतोय. ते खुर्चीवर चढवा किंवा मागे तिरकं करा, वरचे सूर लगेच कानात येतील. कोपऱ्यात ढकललंत तर खर्ज वाढतो, पण घुमतोही, आणि घुमला की स्वर कळेनासा होतो. मला घुमण्यापेक्षा कोरडा आवाज परवडतो.

मोठ्या कॅबिनेटबद्दल. पंधरा इंची स्पीकर म्हणजे जास्त खर्ज, हे निम्मंच खरं. स्पीकर आणि पेटी यांची मोट कशी बांधलीय त्यावर सगळं अवलंबून. १९६९ साली आलेल्या ॲम्पेग एसव्हीटी या बेस अँपबरोबरचं प्रसिद्ध कॅबिनेट दहा इंची आठ स्पीकरचंच होतं, तेही पोर्ट नसलेलं, बंद पेटीचं. त्यामुळे ‘दहा इंचीत बेस नसतो’ म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. आणि त्याच कारणाने जुन्या पेटीत मनाला येईल तो नवा स्पीकर ठोकू नका. पेटीचं आकारमान आणि स्पीकरचे आकडे जुळले नाहीत, तर चांगला स्पीकरही रडतो.

वॅटचंही तसंच. वॅट दुप्पट केले की तीन डेसिबल मिळतात, म्हणजे ‘हं, जरा वाढला’ इतकंच. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्याऐवजी तुमच्यासारखंच दुसरं कॅबिनेट मिळालं तर घ्या आणि शेजारी न ठेवता उभं एकावर एक रचा. आठ ओहमची दोन समांतर जोडली की चार ओहम होतात. अँपच्या पाठीवर किमान किती ओहम चालतील ते लिहिलेलं असतं, त्याच्या खाली जायचं नाही. आठ आणि चार एकत्र जोडले की २.६७ होतात, आणि चारपर्यंतचाच अँप असेल तर तो तापून बंद पडेल किंवा कायमचा झोपेल. व्हॉल्व्हचा अँप असेल तर कॅबिनेट जोडल्याशिवाय चालूच करू नका, आतला ट्रान्सफॉर्मर जातो. आणि अँप ते कॅबिनेट ही केबल स्पीकरचीच हवी, गिटारची पातळ केबल तिथे लावू नका. दिसायला सारखी असते, म्हणून हे घोळ होतात.

आता गिटार. तारा कधी बदलल्यात? ‘आठवत नाही’ हे उत्तर असेल तर पिकअपचा विषयच काढू नका. आता मोटाउनचा गाजलेला बेसिस्ट जेम्स जेमर्सन तुटल्याशिवाय तारा बदलत नसे, हे तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच. खरं आहे, पण त्याच्या तारा जाड फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीच्या वेढ्याच्या, गुळगुळीत) होत्या आणि तो मंद, गोल आवाज त्याला हवाच होता. राउंडवाउंड (गोल वेढ्याच्या, खरखरीत) तारा मेल्या की गोल होत नाहीत, नुसत्या मुक्या होतात. तारा बदलताना चारही एकदम उतरवून महिनाभर तशीच ठेवू नका. चार तारांचा मिळून पाऊणशे किलोच्या घरात ताण नेकवर (गिटारच्या मानेवर) असतो, तो गेला की नेक मागे झुकते.

नवी तार चढली, सुरात लावली, की नेक बघा. ई तार पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबा, दुसऱ्या हाताने नेक जिथे शरीराला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर फट बघा. पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर, म्हणजे जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट. एका वेळी अष्टमांश, फार तर पाव फेरी, मग पुन्हा सुरात लावून बघायचं. मापाचीच की वापरा. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर तिथेच थांबा, ते काम जाणकाराच्या हाती द्या. ट्रस रॉड तारांची उंची ठरवायला नसतो. उंची ब्रिजच्या सॅडलवर (तार जिच्यावर टेकते त्या घोडीवर), तीही नेक जुळवून झाल्यावर. सर्वांत शेवटी बाराव्या फ्रेटचा सूर ट्यूनरवर बघा. चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. हा क्रम उलटा केलात तर तीनदा करावं लागेल. मी केलंय.

बदल करायचाच हात शिवशिवत असेल, तर आधी जॅक. खरखर होतेय आणि नट सैल आहे, म्हणून लोक बाहेरून पान्याने नट फिरवतात. आतला जॅकही त्याबरोबर फिरतो, वायरीला पीळ बसतो, आणि चौथ्या-पाचव्या वेळी ऐन कार्यक्रमात ती तुटते. पट्टी उघडा, जॅक आतून बोटांनी धरा, मग नट आवळा. प्रीअँप असलेल्या बेसची केबल वाजवून झाल्यावर काढून ठेवा, जॅक आत असेपर्यंत बॅटरी जळत राहते.

गूं आवाज येतोय असंही तुम्ही शेवटी म्हटलंय. तुमचे दोन्ही पिकअप सिंगल कॉइल, म्हणजे एकेका गुंडाळीचे दिसतात. दोन्हींचे व्हॉल्यूम पूर्ण उघडा. गूं गेला तर ते एकमेकांचा आवाज मारताहेत, गिटार ठणठणीत आहे. एकच उघडल्यावर येणारा गूं त्या जातीचाच. तारांना हात लावल्यावर उलट वाढत असेल, तर मात्र जॅकवरच्या वायरी किंवा ज्या सॉकेटला अँप लावता त्याचं अर्थिंग तपासा, आणि ते होईपर्यंत वाजवू नका. आतल्या पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली की बराच फरक पडतो, पैसेही फार जात नाहीत. टोनचा कपॅसिटर बदलून ‘जुना व्हिंटेज आवाज’ मिळतो, हे मात्र मला कधी ऐकू आलेलं नाही. आधीचा ०.०४७ मायक्रोफॅरडचा असेल तर राहू द्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी तेच चार बार, मोबाइल ड्रमरच्या शेजारी ठेवून, रेकॉर्ड करा. आपल्या जागेवरून ऐकलेलं धरू नका. बॅटरी टेकवल्यावर कोन कुठे गेले ते इथे लिहा, आणि अँपच्या पाठीवर किती ओहम लिहिलेत तेही. मग दुसऱ्या कॅबिनेटचं बोलू.